राजाच्या गालावरचा अडुळसा

पाय घ्या आधी पांघरुणात, मग सांगते. एक होता राजा, नाव दौलतराव. पण लोक पाठीमागे म्हणायचे शंकासूर. दूध आलं की आधी मांजरीला पाजायचा, आणि मग मांजरीवरच संशय, की ही फितूर तर नाही?

त्या साली राज्यात खोकल्याची साथ आली. अडुळसा कुणाला ओळखू येईना, लोक भलताच पाला उकळून प्यायचे. मग गोंदाजी तांबटाने काय केलं, तांब्याच्या पत्र्यावर अडुळसा कोरला, पानन् पान. खाली अक्षरं कोरली. रेघांत शाई भरली, वरवरची पुसून काढली. आता ओला कागद दाबला की चित्र उठणार. गावोगाव एकेक कागद धाडायचा, बरं का.

तेवढ्यात राजाच्या कानावर गेलं, की कुणी गुपचूप काही कोरतंय. लगेच शिपाई आले आणि पत्रा राजाकडे घेऊन गेले, गोंदाजीलाही. राजा बघतो तर अक्षरं उलटी. प्रधानाला वाचता येईना. शास्त्रीबुवांनाही येईना. राजाला वाटलं, हे दोघेही सामील आहेत.

"महाराज, उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं उठतं," गोंदाजी म्हणाला.

"ही शत्रूची खूण आहे. दिवस मावळला की याचा अंगठा तोडा."

आता अंगठा गेल्यावर छिन्नी धरायची कशी, सांगा बरं?

मग राजाला नवीच धास्ती. पत्रा कुणी पळवला तर? म्हणून मेल्याने तोच गालाखाली घेतला आणि दुपारचा आडवा झाला. उकाडा असा, की गाल घामाने चिंब.

उठला तर दासी तोंड लपवून हसते, प्रधान खोकल्यासारखं करतो. राजा म्हणाला, नक्की कट आहे. मग राणी आली.

"अहो, गालावर अडुळसा उगवलाय तुमच्या. खाली लिहिलंय, खोकल्यावर काढा."

राजाने आरसा घेतला. आरशात अक्षरं उलटीच.

"तूही त्यांना मिळालीस?"

राणीने कपाळाला हात लावला. गोंदाजीला सोडवलं. त्याने अंगठ्याने पुन्हा शाई भरली. राणीने कागद भिजवून वर ठेवला आणि म्हणाली, "आता दाबा तुमच्याच हाताने."

राजाने दाबला. उचलला. सगळं सुलटं. स्वतःच्या हातावर संशय कसा घेणार? फार लाजला तो.

"गोंदाजी," म्हणाला, "अंगठा सांभाळ रे बाबा."

मग गावोगाव कागद गेले, खोकला पळाला, सगळी सुखाने नांदली. राजाच्या गालावरची शाई तेवढी आठ दिवस निघाली नाही.

चला, टेका गाल उशीवर. सकाळी बघते, कुणाच्या गालावर काय उठलंय ते.