नांदरूळचा मुका पार

नांदरूळच्या तांबट आळीत पहिल्यांदा येणारा माणूस तोंडाशीच थबकतो आणि कानांवर हात ठेवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच ठेवतात. दोन्ही बाजूंना ओट्या, ओटीओटीवर ऐरण, ऐरणीवर कुठं हंडा, कुठं घंगाळ, आणि त्यांवर सकाळपासून पडणारे ठोके. इथं गिऱ्हाईक बोटांनी भाव विचारतं आणि दुकानदार मानेनं नाही म्हणतो. तांबटाचे कान तरुणपणीच जड होतात. इथला नवरा बायकोला हळूच काही सांगायला गेला, तर पलीकडच्या ओटीवरून उत्तर येतं, अशी बाजारात चेष्टा आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

पण दुपार कलू द्या. देवळाच्या शिखराची सावली सरकत येऊन आळीच्या मधल्या पाराच्या पायरीला टेकली, की पहिल्या ओटीवरचा म्हातारा हात वर करतो. एकेक हातोडी थांबते, शेवटची थांबते, आणि मग अशी शांतता पडते, की पारावरच्या बकुळीचं फूल खाली पडलं तरी कळावं. आया आपापली लहान पोरं उचलून आणतात, पारावर बसवतात, डोळे मिटायला सांगतात. सावली पायरी ओलांडून गेली, की पुन्हा ठोके सुरू.

त्या पाराला मुका पार म्हणतात. बकुळीच्या बुंध्याशी कोनाडा आहे, त्यात एक तांब्याची घागर. तळाकडून अर्धी गुळगुळीत, वर खडबडीत, आणि गळ्यापासून पोटापर्यंत तडा गेलेली. एका हौशी पाहुण्यानं ती विकत मागितली होती. सांगाल ती किंमत देतो म्हणाला. नांदरूळचा माणूस सहसा गिऱ्हाईक सोडत नाही, पण त्या पाहुण्याला आळीनं चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

त्या घागरीची हकिगत अशी सांगतात.

फार पूर्वी या आळीत नारो तांबट म्हणून एक कारागीर होता. त्याच्या बायकोचं नाव बयो, आणि त्यांची एकुलती एक पोर आवडी. पोर नुकती कामाला हात लावू लागली होती. तिचं काम म्हणजे बापाच्या ओटीखाली बसून भिजवलेली चिंच कुस्करायची आणि झालेली भांडी घासायची. कामाला चांगली होती, म्हणे. फक्त मधेच थांबायची.

थांबायची म्हणजे कशी, तर चिंचेचा गोळा हातात तसाच, डोळे उघडे, श्वास इतका हळू की माशी गालावर बसून उठून जावी. हाक मारली तरी नाही, हलवलं तरी नाही. थोड्या वेळानं आपणच पापणी हलायची आणि हात पुन्हा चालू लागायचा, जसं काही झालंच नाही.

आणि आवडीच्या लेखी खरंच काही झालेलं नसे. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं, तिनं मागितलंही नव्हतं. आधी ठोके वेगवेगळे ऐकू येत. हा आबांचा, हा समोरच्या काकांचा, तो थोरल्या मेस्त्रींचा जड हात. मग ते एकमेकांत मिसळत, सगळे मिळून एकच होत, आणि तो एक इतका भरून येई की त्यात आवाजच उरत नसे. नव्या घागरीत तोंड घालून बघितलं तर आत जसा तांबूस उजेड दिसतो, तसं काहीसं सगळीकडे असे. त्या उजेडात आवडी कुठंच नसे, आणि नसल्याची भीतीही नसे.

हे सगळ्यांनाच होतं, असं तिला वाटायचं. एकदा तिनं बापाला विचारलंसुद्धा. "आबा, ठोके एक झाले की तुम्ही कुठं जाता?"

"जेवायला," नारो ओरडून म्हणाला आणि हसला.

बयोला मात्र हसू येईना. तिनं पोरीला धपाटे घातले, मिरच्यांची धुरी दिली, दंडाला काळा दोरा बांधला. शेजारणी म्हणाल्या, फिट असेल. कोणी म्हणालं, झपाटलंय. आवडी रडायची ती धपाट्यांमुळं. दुसऱ्या दिवशी चिंच घेऊन बसली, की पुन्हा तेच.

मग एक गोसावी आला. आला होता गळक्या कमंडलूला डाग लावून, म्हणजे भोक बुजवून घ्यायला, दुसरं काही नाही. नारोच्या ओटीवर बसला, आणि समोर ही पोर थांबलेली. गोसावी तिच्याकडे बघत राहिला. कमंडलू तयार झाला तरी त्याला भान नव्हतं. उठताना म्हणाला, "ही पोर जिथं जाऊन बसलीय, त्याच्या उंबऱ्याशी आमचं आयुष्य गेलं. हिला काही करू नका. आहे तसं राहू द्या." एवढं बोलून तो घाट चढून गेला. पुन्हा कधी आला नाही.

त्याचं ऐकून लोक तेवढ्यावर थांबले असते, तर आज ही गोष्ट सांगायला काही उरलं नसतं.

त्या वेळी आळीत शेवटचा शब्द थोरले मेस्त्री भिवाजी यांचा असे. भला माणूस, असंच सगळे सांगतात. उमेदीची सगळी वर्षं हंडे ठोकून त्यांच्या कानांत अखंड भुणभुण बसली होती. जेवताना, झोपेत, देवापुढं, कुठंही ती थांबत नसे. अशा माणसाला देवानं वर माग म्हटलं, तर तो काय मागेल? आळीतल्या प्रत्येक तांबटाचं थोडंफार हेच दुखणं. तेव्हा गोसाव्याच्या बोलण्यावरून या पोरीत देवाचीच वस्ती झालीय म्हटल्यावर तिला काय द्यावं, यावर दुमत झालंच नाही. ज्याची त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त तहान होती, तेच द्यायचं ठरलं. पोर बसली की ठोके बंद. कामाचा खोळंबा झाला तरी चालेल. हातावर पोट असलेल्या माणसांनी हे कबूल केलं, हे विसरू नये. मन मोठं होतं, चूकही तेवढीच मोठी झाली.

दुपार कलली होती. शिखराची सावली पायरीला टेकत होती. आवडीचे हात चिंचेत थांबले, नजर थिजली. भिवाजींनी हात वर केला. आळीच्या दोन्ही टोकांकडून ठोके विझत आले. शेवटचा नारोचा. तो एक घागर मठारत होता, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लावून गुळगुळीत करत होता. अर्धी झाली होती. त्यानंही हात आवरला.

आळीत दिवसाउजेडी अशी शांतता कधी पडली नव्हती. भिवाजी मेस्त्री तोंडावर पंचा धरून रडले, म्हणे. भुणभुण होतीच, पण निदान बाहेरचं तरी थांबलं होतं.

आणि आवडी किंचाळली.

पाय ठेवलेली फळी कोणी खालून काढून घ्यावी, तशी ती आपटली. बघते तो सगळी आळी हात जोडून उभी. तिची आईसुद्धा.

"आबा, ठोका ना," ती म्हणाली. "आबा, ठोका!"

"गप," बयो म्हणाली. आता तिच्या आवाजात धपाटा नव्हता, देवापुढची भीती होती. "डोळे मीट बाय. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

देव दिसला की लहान जीव भेदरतो, असं कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं. दुसऱ्या दिवशी ठोके आधीच थांबवले. तिला पारावर नेऊन बसवलं, कपाळाला हळद लावली. तिनं डोळे मिटले. आत पापण्यांचा अंधार होता, बाकी काही नव्हतं.

उरलेला दिवस ठोके चालूच असत. मग तेव्हा ती तिथं का जाऊ शकत नव्हती, असं कोणीही विचारेल. आवडीही चिंच घेऊन बसायची आणि वाट बघायची. पण आता तिचा कान राखण करत बसायचा, की हे थांबणार, आता थांबणार. ठोके वेगवेगळेच राहायचे. हा आबांचा, हा काकांचा, तो मेस्त्रींचा. एक व्हायचे नाहीत.

नारोला हे सगळ्यांच्या आधी उमगलं. बाप होता. त्यानं एका सकाळी दार लावून घेतलं, पोरीला समोर बसवलं, ती अर्धी घागर ऐरणीवर घेतली आणि ठोकत सुटला. तांबं ठोकून ठोकून कडक होतं. मधे तापवून मऊ करावं लागतं, हे या आळीत रांगत्या पोरालाही माहीत असतं. नारो तापवायला उठला नाही. उठलो तर ठोका तुटेल, या भीतीनं नुसता ठोकत राहिला, पोरीच्या तोंडाकडे बघत. शेवटी घागर गळ्यापासून पोटापर्यंत तडकली.

आवडी उठून त्याच्याजवळ गेली, हातोडीवर हात ठेवला. म्हणाली, "राहू द्या आबा. आता मी ऐकते. तेव्हा मी ऐकत नव्हते."

त्यानंतर नारोनं घागर केली नाही. डबे, पराती, बाकी सगळं केलं.

आवडी मोठी झाली. तिला मागणी आली नाही. जिच्यापुढं हात जोडायचे, त्या पोरीला सून म्हणून कोण नेणार? लांबलांबून लोक दर्शनाला येऊ लागले, जाताना एखादं भांडं घेऊन जाऊ लागले. आळीचं नाव झालं. ती रोज दुपारी पारावर डोळे मिटून बसायची. कोणी विचारलं तर खरं तेच सांगायची, "काही दिसत नाही." लोक म्हणायचे, केवढा हा विनय!

एकदा ती भिवाजींपुढं पदर पसरून बसली. ते तेव्हा अंथरुणाला टेकले होते. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "थोरले, मला तुमची शांतता नको. ती बंद करा."

म्हाताऱ्याला चांगलं ऐकू गेलं. त्यानं तिचा पदर आवरून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "पोरी, तुझ्या निमित्तानं आम्हाला ती मिळाली. आता ती काढून घेऊ नकोस."

ती उठली. पुन्हा कोणापुढं तिनं हा विषय काढला नाही.

शेवटही या पारापाशीच झाला, असं सांगतात. आवडीचे केस पिकले, नजर अधू झाली, कानही तांबटासारखे जड झाले. अखेरच्या दिवशी तिनं खाट पारापाशी आणायला लावली. सकाळपासून ठोके चालू होते. दुपारी तिच्या उशाशी बसलेल्या बायकांना तिचा चेहरा सैल होताना दिसला, बोटं चिंच कुस्करल्यासारखी हलून थांबली, श्वास हळू झाला. एक म्हातारी म्हणाली, "अगं, लहानपणी अश्शीच बसायची ही."

तेवढ्यात सावली पायरीला टेकली. पहिल्या ओटीवरच्या माणसानं हात वर केला. तो तरी काय करणार? तिच्याच मानाची वेळ होती. ठोके थांबले. आवडीनं डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं, आणि त्या शांततेतच गेली.

ही गोष्ट नांदरूळच्या लहानथोरांना पाठ आहे. गोष्ट ऐकून एखादा पाहुणा हटकून विचारतो, "अहो, मग थांबवता कशाला?" ओटीवरचा म्हातारा हातोडी खाली ठेवत हसतो. "कानांना तेवढाच विसावा," म्हणतो, आणि समोरचा हंडा पुढं सरकवतो.

आजही सावली पायरीला टेकली की ठोके थांबतात. पारावर पोरं डोळे मिटून बसतात, एक डोळा किलकिला करून एकमेकांना चिमटे काढतात. आवडीनंतर त्या पारावरून कोणी कुठं गेल्याचं ऐकिवात नाही. कधीमधी मात्र भर ठोक्यांत, एखाद्या ओटीखाली चिंच कुस्करणारा इवलासा हात थबकतो. मग त्याची आई हातातलं काम टाकून धावते, पोराला उचलते, पारावर आणून नीट बसवते. पहिल्या ओटीकडे बघून खूण करते. ठोके थांबतात. पोर दचकून इकडेतिकडे बघतं.

"हं," आई त्याच्या पापण्यांवरून हात फिरवत म्हणते. "आता बस शांत."