कासारणीच्या नाडीचा कागद

एकदा एक सकाळ अशी उगवली, की मार्गशीर्षातल्या धुक्यात समोरचे घरही दिसेना. कौलांवरून दव थेंबथेंब गळत होते. त्या धुक्यातच एक कासारीण डोक्यावर पदर ओढून वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर आली. तिला अधूनमधून घेरी येई, शुद्ध हरपे.

"वैद्यबाबा, हे बाहेर कळलं तर संपलेच मी," ती म्हणाली. "घेरी येणाऱ्या बाईकडून नवरीला चुडा कोण भरून घेईल? लगीनसराई तोंडावर आलीय."

वैद्यांनी नाडी धरली. चार ठोके पडत, पाचवा चुके. अशा नाडीचे खरे जाणकार त्यांचे गुरुबंधू. ते बाजाराच्या गावी राहत. दोघांची एक रीत होती. नाडी बोरूने कागदावर उतरवायची, ठोका पडेल तिथे उंचवटा, मधे सपाट रेघ, आणि तो कागद धाडायचा.

वैद्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या शिष्याने कागद सुबक काढला. माथ्यावर बाईचे नाव, वय, घेरीची सगळी हकीकत लिहिली. वैद्यांनी तो वाचला आणि शांतपणे चुलीत घातला.

शिष्य दुखावला. "गुरुजी, अक्षर वाईट होतं का?"

"फार स्वच्छ होतं. तेच नडलं. कागद नेणार कोण?"

"शेजारचे तांबोळी. तिथल्या बाजारातून पानं आणायला निघालेत."

"मग वेशीबाहेर पडायच्या आत त्यांचं वाचून होईल."

वैद्यांनी त्याला खूण शिकवली. रेघ कुठे जाड, कुठे बारीक ओढायची. त्या जाड-बारीकाचा अर्थ फक्त गुरुबंधूंना ठाऊक. वय, त्रास, आधीचे औषध, सारे त्यात मावे. नावाच्या जागी एक आकडा. शिष्याने उत्साहाने उंचवटेच जाड केले. तोही कागद चुलीत गेला.

"बाळा, ठोक्याला हात लावू नकोस," वैद्य म्हणाले. "ठोक्यात तिचा रोग आहे. तोच बिघडवलास तर नाव वाचेल आणि बाई जाईल. नाडी जिथे काही बोलत नाही, त्या सपाट रेघेत गुपित ठेव. वैद्याला रोग दिसावा, वाटेवरच्याला माणूस दिसू नये. तिने हात आपल्या हाती दिलाय, गावाच्या नाही."

तिसरा कागद तांबोळ्यांच्या हाती गेला. उत्तर आले, पुड्या आल्या. पंधरा दिवसांत पाचवा ठोका जागेवर पडू लागला. वैद्यांनी नाडी सोडली तेव्हा कासारीण किती तरी वेळ नुसती आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

ती गेली आणि थोड्या वेळाने तांबोळी ओसरीवर येऊन टेकले. शिष्य खलात औषध घोटत होता. त्याचा हात थांबला.

"खोटं कशाला बोलू, बाबा," तांबोळी म्हणाले, "तुमचा कागद मी वाटेत उघडला होता. नुसत्या टेकड्या काढल्यात तुम्ही. म्हातारपणी हा काय पोरखेळ? ते असू दे. आमच्या पोरीचा चुडा भरायचाय, आणि घरात सगळ्यांना ती कासारीणच हवीय. तुमच्याकडे कधी आलीच, तर तेवढा निरोप द्याल?"