बर्फाखालचा समुद्र

"बुवा, ही ओढ एकदाची तोडून टाका. कधी संपायचं हे?"

हेरंबचा आवाज चढला होता. ग्रहताऱ्यांचा अभ्यास केलेला हुशार मुलगा, नोकरीवर पाणी सोडून धुंडीबुवांच्या खाडीकाठच्या मठात आला होता. उद्या त्याला भगवी छाटी मिळायची होती. छाटी घेतली की घराची पायरी चढायची नाही, हा मठाचा नेम. आणि खाडीपलीकडं आई एकटी.

"तिकडं गेलो की मठ आठवतो, इथं आलो की आई. जीव मेटाकुटीला आलाय. मला शांतता हवी."

बुवा बादलीची निखळलेली कडी बांधत बसले होते. त्यांनी तारेचा एक तुकडा पुढं केला.

"ही जरा वाकव. इकडं, तिकडं."

घ्या. आपण विचारतो काय, हे सांगतात काय. हेरंबनं सगळा राग त्या तारेवर काढला. इकडं, तिकडं, इकडं, तिकडं... तार तुटली. टोक बोटाला लागलं तसा त्यानं हात झटकला.

"काय झालं?"

"चटका बसला."

"चुलीत धरली होतीस?"

"नाही. नुसती वाकवली."

बुवा पुन्हा कडीकडं वळले.

"परवा पाहुण्यांना कुठला चंद्र सांगत होतास?"

हेरंब खुलला. हा प्रांत त्याचा.

"शनीचा एक चंद्र. सूर्य लांब, म्हणून वर नुसता बर्फ. पण खाली समुद्र आहे, बुवा, पाण्याचा. शनीभोवती फिरताना चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो. शनीच्या त्या कमीजास्त ओढीनं त्याचं अंग ताणतं, सैल पडतं, आतल्या आत घासतं. तीच त्याची ऊब."

"अंतर सारखं का राहत नाही?"

"राहिलं असतं. शेजारचा दुसरा चंद्र राहू देत नाही. त्याचीही ओढ आहेच."

"त्यानं सोडलं तर?"

"मग वाट हळूहळू गोल होईल. ताण नाही, घासणं नाही. सगळं कसं शांत..."

हेरंब थांबला.

"आणि समुद्र?"

"गोठेल, बुवा."

खाडीत भरतीचं पाणी चढत होतं. हेरंबला आईचा उंबरठा दिसला आणि डोळे भरून आले. पण हार मानेल तर तो हेरंब कसला.

"पण बुवा... तार तुटलीच ना शेवटी?"

बुवांनी उद्यासाठी काढून ठेवलेली छाटी उचलली आणि परत पेटीत ठेवली.

"मी वाकव म्हणालो होतो. तोडायची घाई तुझी... जा, भरती आहे तोवर होडी मिळेल. येताना नवी तार आण."