गादीवाफ्याची उंची

वाफे आणि सऱ्या बोलत असत, त्या काळची गोष्ट. पाणी साचून दरवर्षी हळद कुजायची, म्हणून सगुणा माळणीने बाजूची माती ओढून उंच गादीवाफा केला. माती काढली तिथे खोल सरी पडली.

“मी बघ केवढा उंच! तू नुसता खड्डा,” वाफा म्हणाला.

“माझीच माती अंगावर घेऊन बसलायस, दादा,” सरी म्हणाली.

पुढे आषाढाची झड लागली. वाफा घाबरला. “अगं, माझी हळद बुडतेय!”

“मग सोड की पाणी माझ्याकडे. मी खोल झाले ती कशाला?”

रात्रंदिवस पाणी झिरपत सरीत उतरलं. उघडीप झाली तेव्हा हळद तरारली होती. वाफ्याने पहिल्यांदाच खाली पाहिलं.

त्या खड्ड्यात अख्खं आभाळ उतरलं होतं.