टाकीवरचा दोरा

एकदा एका मोठ्या बंदरावर एक वस्ताद होता. जहाजांतून येणारे तेल उतरवून घ्यायचे, चार मजली उंचीच्या लोखंडी टाक्यांत साठवायचे आणि मालाच्या धन्याची माणसे आली की टँकरमध्ये भरून द्यायचे, या कामात त्याची सारी हयात गेली होती. निवृत्तीचे वय उलटले तरी मालकाने त्याला सोडले नव्हते. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. वय तिशीचे, कामाला वाघ. कोणाची पाळी अडली की हा उभा. नाही म्हणणे त्याला ठाऊकच नव्हते. त्याहून ठाऊक नव्हते ते मागणे.

वस्तादाची एक रीत मात्र सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. टाकीतून तेल काढायचे असले की तो पंप अगदी हळू सुरू करायला लावी आणि स्वतः टाकीभोवती वळत जाणारा जिना चढून माथ्यावर जाई. तिथे हवेची एक नळी असते, वर टोपी बसवलेली. चुन्याच्या रिकाम्या डबीतून तो सुताचा दोरा काढी, तळव्याचा आडोसा करून टोपीखाली धरी आणि बघत राही. दोरा आत ओढला गेला की तो हात उंचावी. मगच खाली पंप पूर्ण वेगाने सुटे. म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत, पण रीत चुकत नसे. "वस्ताद टाकीची नाडी बघतात," असे म्हणून पोरे हसत. शिष्यही हसे.

सणाचे दिवस तोंडावर आले होते. खाद्यतेलाच्या एका व्यापाऱ्याचे टँकर सकाळपासून फाटकाबाहेर रांगेत उभे होते. शिष्य पंपाशी आला, तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. तिचे सगळे हाच करी. बहीण म्हणत होती, महिनाभर मी नेते तिला. तो नेहमीचेच बोलला, "कशाला ताई? मी आहे ना!" फोन ठेवून त्याने जागरणाने चुरचुरणारे डोळे चोळले. हल्ली त्याची रात्र आईपाशी जागण्यातच जाई. जिन्याकडे निघालेल्या वस्तादाने ते ऐकले, पाहिले आणि तो वर गेला.

पंप हळू सुरू झाला. एक मिनिट गेले, दोन गेली. हात काही वर येईना.

व्यापारी कासावीस झाला. "अहो, उघडा की पूर्ण! दोऱ्यावाचून कोणाचं अडलंय? माझी गिऱ्हाइकं तिकडे खोळंबलीत."

"थांबा शेठ, वस्तादांची खूण होऊ दे," शिष्य म्हणाला खरा, पण त्यालाही म्हाताऱ्याचा राग आला होता. त्याचा हात वेग वाढवायच्या चाकावर गेला. आणि त्याच क्षणी टाकीच्या पत्र्यातून 'टंक' असा आवाज आला. त्याने वर पाहिले. वस्तादाचे दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे होते. थांबव!

त्याने पंप बंद केला, आणि मग त्याला आठवले. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या टाकीचा गंज खरवडला जात होता. ती धूळ तेलात जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच या टाकीच्या नळीच्या तोंडावर, टोपीच्या आतून, प्लास्टिक बांधले होते. वाऱ्याने फाटू नये म्हणून चांगले दुहेरी. सोडायचे तेवढे राहून गेले होते.

जिना तो कसा चढला, त्याचे त्यालाच कळले नाही. टोपी उचलली. प्लास्टिक आत खोलगट ओढले जाऊन ताठ झाले होते. त्याने खिशातले पेन खुपसले. सों करून हवा आत शिरली आणि बराच वेळ शिरत राहिली. पत्रा पुन्हा एकदा वाजला आणि शांत झाला. टाकी धड होती. शिष्य तिथेच खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्याला भान नव्हते.

"वस्ताद, मीच बांधलं होतं."

"कळलं मला. खाली गेल्यावर कामाच्या नोंदवहीत तसंच लिही," वस्ताद म्हणाला आणि त्याच्या शेजारी टेकला. "ही टाकी पोटात हजारो टन तेल घेऊन उभी राहते. त्या भाराचं तिला काही वाटत नाही. पण तिच्यातून नुसतं काढत राहिलं आणि आत वारा येऊ दिला नाही, तर बाहेरची हवाच तिला चुरगाळून टाकते. उमेदीत असताना पाहिलीय मी एक. शेवटच्या क्षणापर्यंत नीट उभी दिसत होती रे. तू काही वाईट मनानं बांधलं नाहीस. धूळ नको म्हणून बांधलंस. पण आत यायची वाट एकच असते. धुळीला बंद केली की श्वासालाही बंद होते."

मग त्याने विचारले, "मघाशी फोनवर कोणाला सांगत होतास, मी आहे ना म्हणून?"

"ताईला," शिष्य म्हणाला. वस्तादाने डबी उघडली, दोरा त्याच्या बोटांत दिला आणि खाली पंपाशी आलेल्या पोराला खूण केली. पंप हळू सुरू झाला. शिष्याने दोरा टोपीखाली धरला. तो हलला, वळला आणि अलगद आत ओढला गेला. शिष्याने हात उंचावला. खाली व्यापाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, पुढे मात्र हाच गृहस्थ टाकीजवळ आला की सगळ्यात आधी विचारी, "दोरा पाहिला ना?"

संध्याकाळी वहीत आपली चूक आपल्या हाताने लिहून शिष्य फाटकाबाहेर आला आणि त्याने फोन लावला.

"ताई, आईला न्यायला येशील? मला आता एकट्याला झेपत नाही गं."

बहीण लगेच म्हणाली, "उद्या सकाळीच निघते."

त्याने छातीभरून श्वास घेतला. त्या रात्री तो आईच्या उशाशी गाढ झोपला.