गाडीच्या तोंडाला लावलेला पुठ्ठा

एकदा एक गृहस्थ आपली तापट मोटार घेऊन एका वृद्ध वस्तादांच्या दारी आला. गृहस्थाचे नाव इंद्रजित बाळासाहेब खराडे, वय वर्षे छत्तीस, राहणार कोल्हापूर, व्यवसाय ओतकामाचा कारखाना. वस्तादांचे नाव विचारण्याची उद्यमनगरात कुणाला गरज पडत नसे. इंजिन उघडावे कसे, हे इंद्रजित कॉलेजात असताना त्यांच्याकडेच शिकला होता आणि आजही त्यांच्यापुढे तो शिष्यासारखाच उभा राही.

या मोटारीच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच बळावर फिरून त्याच्या छातीत जादा हवा कोंबणारे यंत्र. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड जसे हाताला चटका देते, तशीच ही कोंबलेली हवाही तापते. रस्त्यावर त्याचे काही वाटत नाही. परंतु हौशी मंडळी ज्या दिवशी आपापल्या गाड्या शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर मनसोक्त पळवतात, त्या ट्रॅक डेला हा ताप थोड्याच फेऱ्यांत इतका चढे, की गाडीतला संगणक इंजिन वाचवण्यासाठी आपणहून शक्ती कमी करी. मग मागून येणाऱ्या साध्यासुध्या गाड्या इंद्रजितला हात दाखवून पुढे निघून जात.

क्लबची जोडीने, आपापल्या गाडीतून आळीपाळीने पळवायची दौड तोंडावर आली होती. इंद्रजितचा जोडीदार फिरोज मुजावर हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याने शेवटी मन घट्ट करून सांगून टाकले होते, "इंद्या, दोस्ती दोस्तीच्या जागी. मी आघाडी कमावतो आणि तुझ्या गाडीची पाळी आली की सगळं वितळतंय. रविवारच्या चाचणीत गाडी पुन्हा बसली, तर मी दुसरा जोडीदार बघणार. मग तोंड फुगवायचं नाही."

इंद्रजितने उपाय केले नव्हते असे मात्र नाही. एका जाणकाराच्या सांगण्यावरून त्याने इंटरकूलरचे, म्हणजे ती कोंबलेली हवा गार करणाऱ्या यंत्राचे, पाणी निववणारी मोठी जाळी गाडीच्या तोंडाशी बसवली. तिने फरक पडेना, तेव्हा दुसऱ्या जाणकाराने इंजिनाचे तेल गार करणारा ऑइल कूलर सुचवला. तो त्या जाळीच्याही पुढे लागला. गाडी अधिकच तापू लागली. आता तिसऱ्याच्या सल्ल्याने त्याने दुप्पट जाडीचा रेडिएटर मागवला होता आणि त्याचे खोके मागच्या आसनावर पडले होते. तो बसवायचा तर गाडीचा पुढचा सांगाडा कापणे भाग होते, आणि एकदा कापलेला सांगाडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

"वस्ताद, एवढं कापून द्या," इंद्रजित म्हणाला. "हात तुमचाच पाहिजे."

वस्ताद गाडीपुढे उकिडवे बसले. बराच वेळ आत डोकावून पाहत राहिले.

"चहा घेतलास?"

"घेतला."

"मग आणखी एक घे. आणि ते खोकं इकडं आण."

इंद्रजितला हायसे वाटले. वस्तादांनी खोके उघडले, नवा कोरा रेडिएटर बाहेर काढून भिंतीशी अलगद टेकवून ठेवला आणि कात्री घेऊन रिकाम्या खोक्याच्याच पट्ट्या कापायला सुरुवात केली. मग जाळीच्या डाव्या-उजव्या बाजूला, वर आणि खाली जिथे जिथे मोकळी फट होती, तिथे तिथे त्यांनी पुठ्ठा बसवून वर चिकटपट्टी मारली. ऑइल कूलर तेवढा पुढून सोडवून बंपरच्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या झरोक्यामागे टांगला. पाहता पाहता गाडीचे निम्मे तोंड बंद झाले.

"वस्ताद, अहो, ती आधीच तापतीय!" इंद्रजितला राहवेना. "वारा अडवून कशी गार होणार?"

"मी वारा अडवला, असं तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की डोळ्यांनी!"

"दिसतंय ते रविवारी बघू. तोवर यातली एक पट्टी जरी काढलीस, तर या दारात गाडी आणायची नाही."

रविवारी ट्रॅकवर त्या पुठ्ठ्याने सर्वांची उत्तम करमणूक केली. "खराडे, गाडीला गालगुंड झालंय काय हो?" असे कुणी विचारले. कुणी हळदीचा लेप लावायला सांगितले. फिरोजला मात्र हसू आले नाही.

"पुठ्ठा? इंद्या, अरे, शेवटची संधी म्हणालो होतो मी तुला!"

इंद्रजितचा हात चिकटपट्टीकडे गेला. बोटांनी तिचे टोक उचललेही. त्याने वळून पाहिले, तर वस्ताद कुंपणाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. ते त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. त्या न पाहण्याचाच त्याला धाक वाटला. त्याने टोक पुन्हा दाबून बसवले आणि हेल्मेट चढवले.

पहिल्या फेऱ्या नेहमीसारख्याच गेल्या. तापमानाचा काटा वर सरकू लागला. सरळ रस्ता संपून चढावर जे वळण होते, तिथे गाडी दर वेळी दम टाकी. वळण आले; गाडी ओढीत राहिली. पुढच्या फेरीतही ओढीत राहिली. काटा जिथवर चढला होता तिथेच थबकला, आणि झेंडा पडेपर्यंत मागचे कुणीही त्याला हात दाखवून पुढे गेले नाही.

फिरोज धावतच आला. "वस्ताद, ही काय जादू केली?"

गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागेतला, म्हणजे पिटमधला, मोठा पंखा वस्तादांनी गाडीसमोर लावायला सांगितला, आपल्या मफलरचा एक धागा उसवला आणि एका बाजूची पुठ्ठ्याची पट्टी सोलून काढली. धागा जाळीपुढे धरताच तो जाळीकडे जाईना; आडवा होऊन बाजूच्या फटीत ओढला गेला. त्यांनी पट्टी परत दाबली. धागा सरळ झाला आणि जाळीला जाऊन चिकटला.

"वाऱ्याला दाट जाळीतून जायचा कंटाळा असतो," वस्ताद म्हणाले. "शेजारी बोटभर फट दिसली, की तो तिकडून पळ काढतो. तू जाळीपुढं जाळी लावत गेलास, तसतशी समोरची वाट अवघड झाली आणि वारा बाजूनं निसटत राहिला. जो थोडा आत शिरला, तो एकीनं तापवून दुसरीच्या अंगावर सोडला. मी त्याच्या पळवाटा तेवढ्या बुजवल्या, आणि तेलाला त्याचा वेगळा वारा दिला."

"म्हणजे मला सांगणारे सगळे चुकले?" इंद्रजितने विचारले.

"कुणीही चुकलं नाही. जाळी सांगणारा बरोबर होता, तेलाचं सांगणाराही बरोबर होता. पण पहिला उपाय का लागू पडला नाही, हे बघायला तू थांबलास कुठं? त्याच्या तोंडावर दुसरा आणून उभा केलास. मग पहिल्यालाही वारा मिळेना आणि दुसऱ्यालाही. औषध पोटात गेलं का नाही, ते न बघताच वैद्य बदलत होतास तू."

फिरोजने इंद्रजितच्या पाठीत एक धपाटा घातला. "ऐकलंस? आणि आता मी जोडीदार बदलायचा, का थांबून बघायचं?"

"थांबून बघ," इंद्रजित म्हणाला, आणि दोघेही हसले.

परंतु परतीच्या वाटेवर इंद्रजितला हसू येत नव्हते. त्याला आपला कारखाना आठवत होता. ओतीव मालात बुडबुडे राहतात म्हणून त्याने लागोपाठ सल्लागार नेमले होते, आणि प्रत्येक जण येण्यापूर्वी आधीच्याचे सांगणे अर्ध्यावर टाकून दिले होते. ते सांगणे भट्टीपर्यंत पोहोचले होते की नाही, हे त्याने एकदाही उभे राहून पाहिले नव्हते.

जाड रेडिएटर खोक्याविना परत गेला. पुठ्ठ्याच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे आले, सांगाडा अखंड राहिला आणि दौडीत इंद्रजित व फिरोज जोडीनेच उतरले. कारखान्यात त्याने पहिल्याच सल्लागाराला पुन्हा बोलावले आणि त्याचे सांगणे अमलात येईपर्यंत तो स्वतः भट्टीपाशी उभा राहू लागला.