अंतरपाट धरून वाचलेलं भाषण

“पण बुवा, टाळी नेमकी कुठं घेऊ, एवढंच सांगा.”

निनादनं नऊ कागद गोविंदबुवांच्या पुढ्यात ठेवले.

बुवा सुपात शेंगा सोलत होते. चाळीस वर्षं कीर्तनं केलेला माणूस. आता आमच्या घराला लागून असलेल्या दत्तमंदिराच्या ओवरीत राहतात. मधली भिंत कमरेइतकी. मी अंगणात पापड वाळत घालत होते, त्यामुळं सगळं ऐकू आलं. पापड नसते तरी आलं असतं.

“कसली टाळी?”

“परवा सुजितचं लग्न. मित्र म्हणून दोन शब्द बोलायचेत मला.”

“दोन शब्दांना नऊ कागद...”

“वक्तृत्वाच्या तीन ढाली आहेत माझ्याकडं, बुवा. जिल्ह्याच्या.”

“साखरपुड्यालाही बोललास म्हणे.”

“बोललो की. सुजित बारावीला तीनदा आपटला, ती गंमत सांगितली. हॉल पोट धरून हसला.”

“सुजित हसला?”

“सगळेच हसले.”

“सुजित...”

“मी लोकांकडं बघत होतो, बुवा.”

मला काही राहवलं नाही.

“मुलीचे वडील मुख्याध्यापक होते,” मी भिंतीवरून सांगितलं. “त्या दिवसापासनं जो भेटेल त्याला विचारतात, मुलगा खरंच तीनदा नापास का. सुजितशी धड बोलत नाहीत. मुलगी, रेवती, रडली म्हणे त्यावरून.”

निनादचा चेहरा उतरला.

“आठ दिवस झाले,” तो म्हणाला. “सुजित माझा फोन उचलत नाही. काल निरोप पाठवला, नाही बोललास तरी चालेल. म्हणून तर हे एवढं जोरदार लिहिलंय, बुवा. एका भाषणानं बिघडलं, ते दुसऱ्यानं...”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“सुलाबाई, जुनं धोतर आहे का एखादं?”

आमच्या ह्यांचं होतं. घेऊन गेले.

बुवांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं निनादच्या. “वर धरा. डोक्याच्या वर. हा अंतरपाट. त्या बाजूला सुजित हार घेऊन उभा आहे. ह्या बाजूला रेवती... हं, आता वाच.”

एका हातात धोतर, एका हातात कागद. निनादनं आवाज लावला.

पहिला कागद मैत्री या विषयावर. दुसऱ्यात त्याच्या ढाली आल्या. तिसऱ्याला त्याचा वर धरलेला हात थरथरू लागला. माझा तर दुसऱ्यालाच भरून आला होता, पण म्हटलं, आपण कशाला बोला.

“बुवा, हात अवघडला.”

“हं...”

“अजून किती वेळ धरायचं?”

“सुजित तेच विचारतोय. केव्हाचा उभा आहे पलीकडं.”

निनादनं धोतराकडं पाहिलं. मग हात हळूहळू खाली आला. पलीकडं ओवरीची मोकळी फरशी होती.

“मग मी बोलू काय?”

“सुजितची एखादी गोष्ट असेल. तो स्वतः कधी कुणाला सांगणार नाही अशी.”

निनाद हातातले कागद चाळू लागला.

“नाही का?”

“आहे एक. पण ती नाही सांगता यायची.”

“का रे?”

“त्यात माझीच शोभा होते, बुवा.”

बुवांनी सूप परत पुढ्यात ओढलं. एक शेंग फोडली. दाणे निनादच्या हातावर ठेवले.

“मग तीच.”

नऊ कागद तो ओवरीतच विसरून गेला.

लग्नाला मला आमंत्रण मुलाकडून होतं. बसले मात्र मुलीकडच्या बायकांत, तिथं जास्त कळतं. अक्षता पडल्या, आणि जेवणाच्या आधी निनादला माईक दिला. सुजित हाराची फुलं चाचपत खाली बघत होता. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

निनाद लोकांकडं पाठ करून सुजितकडं वळला.

“माझी पहिली ढाल दहावीतली. तिच्यावर नाव माझं आहे. खरं म्हणजे मी अर्ध्यातच भाषण विसरलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, पोरगं काहीतरी भारी बोललं. सगळ्यांनी वाजवल्या. त्या गोंगाटात मला पुढचं आठवलं... तो मागच्या बाकावरचा हा सुजित. इतकी वर्षं मी ढाली दाखवत फिरलो, पण ह्यानं कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही.”

मुख्याध्यापकांनी हाताची घडी सोडली.

“साखरपुड्याला मी तुम्हाला सांगितलं, हा तीनदा नापास झाला. चौथ्यांदा बसला आणि पास झाला, ते सांगितलंच नाही. चौथ्यांदा बसायला मला जमलं नसतं. वहिनी, माणूस चांगला मिळालाय तुम्हाला... एवढंच.”

माईक ठेवून तो खाली आला.

मुख्याध्यापक उठले. सावकाश स्टेज चढले, सुजितचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “चला जावईबापू, आमच्या पाहुण्यांना भेटवतो तुम्हाला.”

आणि धोतराचा सोगा सावरत त्याला रांगेरांगेतून नेलं. एक खुर्ची सोडली नाही. जिथं जाईल तिथं माणसं उठून उभी राहत होती. रेवती स्टेजवर हसत होती आणि डोळे पुसत होती. वाटेत सुजितनं निनादची मानगूट धरली, “चल की ढालवाल्या, तू कुठं पळतोस,” आणि त्यालाही ओढत नेलं.

शेजारच्या बाईनं विचारलं, “कुणाचा हो हा भाषणवाला?”

“आमच्या गल्लीतला,” मी म्हटलं. तीन रांगांना ऐकू जाईल असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद लग्नाचे लाडू घेऊन ओवरीत आला. मी आधीच भिंतीपाशी होते.

“बुवा, अख्खा हॉल उभा राहिला. मुख्याध्यापकांनी मला जवळ घेतलं. तिघांनी माझा नंबर घेतला, त्यांच्या घरच्या लग्नात बोल म्हणून. पहिल्यापासून सांगू का, काय काय झालं?”

बुवांनी लाडू फोडला. अर्धा त्याला दिला.

“सुजित पोटभर जेवला का?”